रेपूरची नेमणूक

सरकारी कचेरीला स्वतःचा असा एक वास असतो. वाळलेल्या खळीचा, तापवलेल्या लाखेचा, एका पावसाळ्यात भिजून पुढे जन्मभर न सुकलेल्या कागदांचा, आणि या सगळ्यांवर अलगद तरंगणारा, कुणाच्या तरी डब्यातल्या चिंचेच्या साराचा. मोगऱ्याच्या मळ्यातून फिरून आलेल्या माणसाच्या कपड्यांना जसा दरवळ यावा, तसा हा वास माझ्या एकुलत्या पांढऱ्या सदऱ्याला अकरा महिने येत होता. माझी माय तो सदरा धुवायला घेण्याआधी नाकाशी धरायची आणि तृप्त होऊन म्हणायची, "हापिसाचा वास येऊन राह्यला." ज्या नोकरीचा मला स्वतःला पत्ता नव्हता, तिचा सुगंध माझ्या मायला रोज संध्याकाळी येत होता!

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, पैनगंगेच्या काठावरचं. पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेव्हाचा आंध्र प्रदेश, आणि मधून नदी. तिला दोन्ही सरकारांचं काही पडलेलं नाही. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर मी. ही गोष्ट मला नम्रपणे सांगता येत नाही आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही. ज्या घरानं माझ्याआधी सरकारशी सगळा व्यवहार फक्त डाव्या अंगठ्यानं केला, त्या घरात बी.ए.चं प्रमाणपत्र आलं तेव्हा ते कुठं ठेवावं यावर दोन दिवस चर्चा चालली होती. अर्थशास्त्र माझा विषय. बेकारीचे प्रकार मला तोंडपाठ होते: हंगामी बेकारी, छुपी बेकारी, संरचनात्मक बेकारी. प्रत्येकीवर मी दोन दोन पानं लिहून गुण मिळवले होते. त्यातली माझ्या वाट्याला नेमकी कोणती येणार, हे मात्र परीक्षेत कधी विचारलं गेलं नाही.

तर ती कचेरी. जिल्ह्याच्या गावची होती, एवढंच सांगतो. खात्याचं नाव घेत नाही. तिथं एका मेजामागे, मिसलींच्या, म्हणजे जुन्या फायलींच्या, दोन बुरुजांमध्ये, एक गुमास्ते बसत. गोरेपान, शांत, आणि मान सदैव खाली. मी दाराशी उभा राहिलो की माझ्या चपलांकडे पाहूनच त्यांना मी ओळखू यायचो, आणि वर न पाहता ते दोन अक्षरी आणि एक अक्षरी असे दोन तेलुगू शब्द उच्चारत: "रेपु रा." रेपु म्हणजे उद्या, रा म्हणजे ये. उद्या ये! पदवीधराला 'ये' म्हणतात याचा मला आधी फार राग यायचा. पण 'या' या आदरार्थी रूपासाठी तेलुगूत जो सभ्य, सोज्वळ शब्द आहे, तो मराठी कानांना शिवी वाटतो आणि घरात उच्चारला तर पोराच्या थोबाडीत बसते, हे आठवून मी मनाशी म्हणायचो, जाऊ दे, 'रा' तेच बरं.

संध्याकाळी लाल बसमधून उतरून घरी आलो की माय विचारायची, "काय म्हनले रे साहेब?" खरं तर 'उद्या ये म्हणाले' हे साधं मराठी उत्तर माझ्यापाशी होतं. पण मराठीत ते फार उघडं पडायचं. त्यातला पराभव लगेच दिसायचा. तेच तेलुगूत म्हटलं की शासकीय वाटायचं. शिवाय आपल्याला तेलुगू येतं ही शेखी होतीच. म्हणून मी बूट काढल्याच्या ऐटीत चपला काढून सांगायचो, "रेपु रा." मायचं तेलुगू पाणी मागण्यापुरतं, तिचा बाजार नदीपलीकडचा, तिचं माहेर नदीपलीकडचं. चंद्रपूर, नागपूर, केळापूर ऐकत वाढलेल्या तिच्या कानांनी त्या दोन शब्दांचं काय करावं? त्यांनी ते प्रेमानं जोडले आणि साहेब माझी नेमणूक करणार आहेत असं एक गाव वसवलं. रेपूर!

मला हे कळलं तेव्हा फार उशीर झालेला होता. एका सकाळी तिनं भाकरीची चवड नेहमीपेक्षा मोठी बांधली. "एवढ्या भाकरी काऊन?" म्हटलं, तर म्हणाली, "रेपूर लांब हाये म्हन्ते ना बावा." लांब आहे हे कोणी सांगितलं? किसनकाकांनी! किसनकाका आमच्या शेजारचे; नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रकवर क्लीनर म्हणून त्यांची हयात गेलेली. जगातला कोणताही रस्ता विचारा, ते 'माहीत नाही' म्हणणार नाहीत. एवढ्या वर्षांची अब्रू एका गावासाठी कोण घालवील? "रेपूर?" ते म्हणाले होते म्हणे, "इचोड्याच्या पुढं, ढाब्याच्या मांगून फाटा फुटते. म्या पाह्यलं ना! मोठी इमारत हाये, लोखंडाचं फाटक, आंब्याचं बन. पोरगं सुखात राहीन."

एकदा आंब्याचं बन उगवल्यावर मग कोण थांबवणार? महिनाभरात रेपूरला नळ आले, शाळा आली, वीज तर कधी जाईचना. किसनकाकांच्या म्हाताऱ्या आईनं मला वाटेत अडवून विचारलं, "रेपूरच्या दवाखान्यात गुडघ्याची सुई मारून देते का रे?" वस्तीतल्या बाया मायला म्हणू लागल्या, "तुले काय बाई, तू जाशीन आता रेपूरले." आणि माय लाजून पदर सावरत म्हणायची, "बोलावलं त जाईन." मी हे सगळं ऐकत होतो आणि गप्प होतो. आधी हसू आलं म्हणून गप्प, मग लाज वाटली म्हणून गप्प, आणि शेवटी काय सांगू तुम्हाला, त्या गावाचा मोह पडला म्हणून गप्प. बसच्या खिडकीतून कापसाची वावरं मागे जाताना मी स्वतः त्या आमराईत जाऊन बसायचो! एरवी विचार करून पाहा, 'उद्या' हे तरी दुसरं काय असतं? जिथं सगळ्यांना जायचं असतं आणि जिथून परत येऊन कुणी खबर देत नाही, असं एक गावच ना? आमच्याकडच्या व्यापाऱ्यांचा हिंदी 'कल' त्या मानानं फार प्रामाणिक. गेलेला दिवसही तोच आणि येणाराही तोच. नोकरी कधी होती? कल. कधी मिळेल? कल. ऐकणाऱ्यानं आपल्या प्रकृतीप्रमाणे समजून घ्यावं.

पण गावाची कीर्ती गावात राहत नाही. एका रविवारी मंचेरियलहून एक पाहुणे आले. कोळशाच्या खाणीत वीस वर्षं काढलेले, उंचेपुरे, मुलीचे वडील. कोणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं की अमक्याचा मुलगा पदवीधर आहे आणि रेपूरला लागल्यासारखाच आहे. जयभीम झाला, बसायला सतरंजी झाली, चहा बशीत ओतला गेला. पाहुण्यांनी विचारलं, "पोरगा कुठं असते?" "रेपूरले," माय म्हणाली, आणि त्या उत्तरात बारमाही पाण्याचा सगळा थंडावा होता. "रेपूर? कोन्त्या तालुक्यात येते जी? म्या त सारा जिल्हा पालथा घातला." मायनं माझ्याकडे पाहिलं. "साहेब रोज काय म्हन्ते रे? सांग ना त्याह्यले." आता काय करावं? धरणी दुभंगत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. मी जमिनीकडे पाहत पुटपुटलो, "रेपु रा."

वीस वर्षं तेलुगू माणसांबरोबर खाणीत उतरलेला तो माणूस! बशी ओठांपाशी थांबली. त्यांचं हसू गळ्यातून वर चढलं, गालांत आलं, डोळ्यांपर्यंत पोचलं, आणि तिथं त्या भल्या माणसानं त्याला अडवून धरलं. बशी खाली ठेवून ते मायला म्हणाले, "हाये, हाये बाई. लय मोठं गाव हाये ते. म्या बी होतो तिथं, दोन वरसं."

त्यांना बसवर बसवायला गेलो तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "बापू, पोरीचं मागून पाहू. पन मायले आज सांगा. त्या माउलीले त्या गावात ठेवू नका." आणि मग म्हणाले, की खाणीच्या वस्तीतल्या एका लहानशा शाळेत लेकरांना गणित शिकवायला माणूस पाहिजे आहे, सरकारी नाही, पक्की नाही, पण आहे. मी मान ताठ करून उत्तर दिलं की मी बी.ए. आहे. ते "बरं बरं" म्हणाले आणि बसमध्ये चढले. (त्या पोरीचं पुढं काय झालं ते विचारू नका. मी लिहिलेलं सगळं आधी ती वाचते.)

माय ज्वारी पाखडत होती. मी समोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. रेपूर नावाचं गाव नाही, इमारत नाही, आंबे नाहीत. रेपु म्हणजे उद्या, रा म्हणजे ये. अकरा महिने मला ते उद्या ये म्हणतात आणि मी परत येतो. सूप थांबलं. तिच्या डोळ्यांतून आता पाणी येईल, म्हणून मी स्वतःच्या डोळ्यांची तयारी करून बसलो. पण तिनं भुवया चढवल्या. "रोज म्हनते? उद्या ये म्हनून?" "रोज." "मंग तू तोंड पाडून काऊन सांगतं?"

मग ती बोलू लागली, आणि माझ्या अर्थशास्त्राची पानं एकेक करून गळू लागली. "आमी पाटलाच्या वावरात निंदाले जात होतो ना, दिवस बुडला का खुरपं धूत धूत उभ्या राहो. पाटील एकीएकीकडं पाहून म्हने, तू उद्या ये, तू उद्या ये. जिले म्हनलं नाई, ते बाई रस्ताभर बोलत नसे. 'उद्या ये' आयकाले कान तरसत होते आमचे. अन् तुले रोज म्हन्ते, तरी तू रडतं?" मी म्हटलं, "माय, त्यांच्यापाशी काम नाही, म्हणून म्हणतात तसं." ती खरोखर गोंधळली. "वावरात पीकच नाई, त उद्या ये काऊन म्हनन कोनी? तू इचारलं नाई?" "काय विचारायचं?" "अरे बावा, उद्या कवा? कोन्त्या वावरात? काय काम? आमी त इचारत होतो. एवढा शिकला, अन् इचारलं नाई?"

ज्या दोन शब्दांनी माझा रोज अपमान होत होता, तेच दोन शब्द ऐकण्यासाठी माझी माय उभी हयात, हातात खुरपं घेऊन, ओळीत उभी होती! मी पदवी घेऊन वर आलो ते त्याच ओळीत उभा राहायला की काय, असं क्षणभर वाटलं आणि फार बोचलं. पण एक फरक होता. ती विचारायची. मी मात्र सुशिक्षित असल्यामुळे मुकाट परत येत होतो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. गुमास्त्यांनी माझ्या चपला पाहिल्या. "रेपु रा." मी हललो नाही. म्हटलं, "एन्नि गंटलकु?" किती वाजता? अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यांची मान वर आली. डोळे चांगले होते हो त्यांचे. थकलेले, पण चांगले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, ते बंद होतं. माझ्याकडे पाहिलं, मी चालू होतो. मग त्यांनी बुरुजातून माझी मिसल ओढली, उघडली, मिटली, आणि बाहेरच्यांशी बोलायच्या आपल्या हिंदीत हळूच म्हणाले, "पोस्टां इच नहीं हैं जी. ऊपर से ऑर्डर आयाच नहीं. पढ़ा-लिखा आदमी, मुँह पे 'नहीं' कैसा बोलना, बोलके रेपु बोला मैं. मत आओ अब." मी त्यांना हात जोडले, मनापासून. त्यांनीही जोडले. आणि, तुम्हाला खोटं वाटेल, ते मला दारापर्यंत सोडायला आले.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. "काय म्हनले?" "नाही म्हणाले. येऊच नको म्हणाले." माय हात झटकून उठली. "चोख सांगितलं, बरं झालं. एक वावर सुटलं. आता दुसरं पाहू." 'पाहा' नाही म्हणाली, 'पाहू' म्हणाली. पदवी माझी एकट्याची, बेकारी माझी एकट्याची, ताठ मान तर खासच माझी. आणि तिनं मात्र क्रियापद दोघांचं वापरलं! मराठीचं व्याकरण मी शाळेत शिकलो होतो, पण प्रथम पुरुषाचं अनेकवचन किती जणांना पोटात घेतं, हे मला त्या दिवशी अंगणात उभ्या उभ्या कळलं. तोंडातून आपसूक निघून गेलं, की पाहुणे खाणीकडच्या एका शाळेचं म्हणत होते, लेकरांना गणित शिकवायचं आहे, पक्कं काही नाही.

मायनं पदराला हात पुसले आणि माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. "म्या बी येतो संगं," ती म्हणाली. "मंचेरियल तरी खरं हाये ना रे?"

"आहे," मी म्हणालो. "रेल्वे थांबते तिथं."