उलव्यातला माझा रकाना

विट्याहून निघाले तेव्हा गाडी दारात उभी होती आणि मी मोरीत उरलेली दोन भांडी घासत बसले होते. माझा मुलगा अभिजित हॉर्न वाजवून वाजवून शेवटी आत आला. "आई, तिकडं भांडी नाहीत का?" म्हणाला. प्रश्न भांड्यांचा नव्हता. खरकटं टाकून घर सोडू नये, असं माझी आई सांगायची. आणि भांडी घासून झाली की निघावंच लागणार, हे मला ठाऊक होतं. त्यामुळं त्या दोन पातेल्यांना त्या दिवशी मिळाली तेवढी घासणी त्यांना जन्मात मिळाली नसेल. शेजारची सुमन पदर तोंडाला लावून दारात उभी. "बाई, करमंना झालं तर सरळ माघारी या. घर कुटं पळून चाललंय व्हय?" एवढंच बोलली.

हे पत्र तिला आहे, आणि मी शिकवायचे त्या शाळेतल्या माझ्या सगळ्या जुन्या बायांना. शिवाय माझ्यासारख्याच मुलांच्या मागं पनवेल, खारघर, उलवे असं कुठंकुठं येऊन पडलेल्यांनाही आहे. तुम्हाला वेगळं काही सांगायला नको, पण वाचा.

हे गेले, त्यानंतर मला एकदा अंगणात चक्कर आली. तेवढं निमित्त पुरलं. अभिजितनं उलव्यात नवा फ्लॅट घेतलेला, दहाव्या मजल्यावर. रस्ते असे रुंद की पलीकडं जाईपर्यंत आपण कशाला निघालो ते विसरावं. विमानतळ जवळ, त्यामुळं जागेचा भाव वाढणार म्हणून सगळे खुशीत. मी बाल्कनीत बसून विमानं बघते. कोणी ना कोणी कुठंतरी जातंय, एवढं कळतं.

विट्यात आमचा हिशेब सोपा होता. पगार झाला की वाण्याचं, दूधवाल्याचं द्यायचं, उरलं ते पोस्टात. किती उरलं हे नवरा-बायकोनं एकमेकांना विचारायचं नाही, हा आमचा संसार टिकल्याचा खरा मंत्र. इथं मात्र अभिजितनं मी आल्याच्या आठवड्यात माझ्या फोनवर एक अ‍ॅप घातलं. "टेन्शन नको घेऊस आई, घरातला सगळा खर्च एका ठिकाणी दिसतो. तुझी पेन्शनपण घरखर्चाच्या खात्यात वळती करू, यात वेगळी दिसेल. तुझे पैसे तुझेच, बाजूला राहतील." मी हो म्हटलं. मुलाच्या घरात पहिल्याच आठवड्यात नाही कसं म्हणायचं?

ते पहिलं अ‍ॅप बँकेचे मेसेज वाचायचं आणि खर्चाला स्वतःच नाव द्यायचं. मी औषधं घेतली की 'आरोग्य', स्टेशनजवळ भजी खाल्ली की 'बाहेरचं खाणं'. आणि ते माझ्या, अभिजितच्या आणि सुनेच्या, तिघांच्या फोनवर टिंग करून वाजायचं. संध्याकाळी अभिजित प्रेमानं म्हणायचा, "आई, पित्ताचं लक्षात आहे ना?" भजी पचली, पण ते वाक्य पचलं नाही. मग मी रोखीनं खायला लागले. उलवे गावातली एक भाजीवाली आहे, तिला फोनवरून दिलेले पैसे नकोच असतात. "मना त्या मोबाईलचा काय समजत नाय, सुटं दे," म्हणते. माझ्यासाठी ती देवमाणूस. पण एटीएममधून काढलेल्या रोखीला नाव नाही, म्हणून ती रक्कम अ‍ॅपात लाल रंगानं उभी राहायची. रविवारी पोह्यांनंतर आमच्याकडं खर्चाची मीटिंग असते. "आई, हे हजार कशाचे?" त्याच्या मनात संशय नव्हता हो, त्याला फक्त रकाना भरायचा होता. आयुष्यभर मी पोरांना रिकाम्या जागा भरायला लावल्या. त्याची परतफेड अशी होईल असं वाटलं नव्हतं.

एक दिवस ते अ‍ॅपच बंद पडलं. कंपनीनं गाशा गुंडाळला. मी मनातल्या मनात साखर वाटली. पण आठवड्यात दुसरं आलं, परदेशी, त्याची वर्गणीही डॉलरमध्ये. पैसे वाचवायला पैसे भरायचे! त्या अ‍ॅपचं म्हणणं, प्रत्येक रुपयाला काम द्या, एकही रिकामा बसता कामा नये. मी ते ऐकलं आणि आजूबाजूला पाहिलं. स्वयंपाकाला बाई, धुण्याला मशीन, देवपूजा दहा मिनिटांत उरकते. त्या घरात काम नसलेली मी एकटीच होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, हे लिहायला लाज कसली.

डॉलर परवडेना, तेव्हा अभिजितनं तिसरा घाट घातला. जुना लॅपटॉप चपलांच्या कपाटावर ठेवला आणि त्यावर फुकटातलं अ‍ॅप स्वतःच चालवायला घेतलं. याला सेल्फ-होस्टेड म्हणतात. "आता आपले आकडे आपल्याच घरात. कोणाच्या दारात जायला नको," असं तो फार आनंदानं म्हणाला. मी म्हटलं, छान, आकड्यांना तरी हक्काचं घर मिळालं. तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

पण यात बँकेचा हिशेब आपोआप येत नाही. महिन्याला बँकेतून उतरवून घ्यायचा आणि यात चढवायचा. दिवसभर घरी कोण? मी. अभिजितनं मला शिकवलं, सगळे अधिकार दिले, आणि खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. तेवढ्यात जुने खर्च नव्या रकान्यांत लावताना त्यानं विचारलं, "आई, विट्याच्या घराचं काय करू?" घरपट्टी, लाइटबिल, सुमनला झाडलोटीचे देतो ते. मी उत्तर द्यायच्या आत त्यानं ते सगळं 'बंद करता येण्यासारखं' या रकान्यात टाकलं. "रिकाम्या घरावर एवढे जातात. एक चांगला भाडेकरू मिळतोय, बघ रविवारपर्यंत."

भाडेकरू आला म्हणजे मी माघारी जायची कुठं? रात्रीचं जेवण गेलं नाही. पोरी, स्वतःच्या दाराची कडी स्वतःच्या हातात ठेव, असं वडील म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या लॅपटॉपवर माझं खातं बंद करून टाकलं. बँकेतलं नाही, अ‍ॅपातलं. माझी पेन्शन आता माझ्यापाशीच ठेवायची, आणि त्यावर मी विट्यात आरामात जगेन. सुमनला फोन केला, "मी येतेय. कायमची." ती ओरडलीच, "आत्ता खोल्या झाडून काडते बगा!" कितीतरी दिवसांनी मला मोठ्यानं हसू आलं.

सुनेच्या, स्नेहाच्या, फोनवर तिच्या खोलीत अ‍ॅपचं टिंग वाजलं असावं. ती बाहेर आली. तिच्या तुर्भ्याच्या ऑफिसनं माणसं कमी केली, तेव्हापासून ती घरून काहीबाही काम करते. अर्ध्या पैशांत, हे मला माहीत होतं.

"आई, तुमचं खातं चुकून निघालंय का?"

"चुकून नाही."

ती माझ्यासमोर जमिनीवरच बसली. "अ‍ॅपात तुमचे पैसे बाजूला दिसतात, पण गेले सहा महिने घराचा हप्ता तुमच्या पेन्शनवरच निघतोय," म्हणाली. "अभिजित तुम्हाला सांगायला लाजतो. माझं नीट झालं की सगळं परत बाजूला टाकणार, रोज म्हणतो. तुम्हाला कळलंय हे त्याला सांगू नका हं. मोडेल तो." आणि रडायला लागली.

मला राग आला. खूप आला. विचारलं असतं तर दिले नसते का? पण राग कोणावर काढणार? समोर ती रडत होती, आणि ज्याच्यावर काढायचा त्याला काही सांगायचं नव्हतं. आतापर्यंत मी समजत होते की मी या घरावर भार आहे. ते दुखत होतं, पण त्यात एक सोय होती, भार उठून जाऊ शकतो. आता तीही सोय राहिली नाही. मी खातं परत जोडलं. स्नेहानं चहा केला.

रविवारी पोह्यांनंतर अभिजितनं विचारलं, "मग भाडेकरूचं काय सांगू?" स्नेहा ताटलीत बघत होती.

"दे भाड्यानं," मी म्हटलं.

"नक्की ना आई? मनाविरुद्ध नको."

"नक्की."

त्याचा चेहरा इतका उजळला की मला त्याच्या दहावीच्या निकालाची आठवण झाली. भाड्यासाठी लगेच नवा रकाना उघडला, नाव काय देऊ विचारलं. म्हटलं, तुला हवं ते दे.

सुमन, तू खोल्या झाडून, पाणी भरून वाट बघत बसलीस, त्याबद्दल मला क्षमा कर. येत नाही म्हणून फोन केला, त्यावर तू विचारलंस, "मग तिकडं घर झालं म्हना की तुमचं?" तेव्हा मी विषय बदलला, आता सांगते. झालं. जिथून एक माणूस उठून गेलं की बाकीच्यांचं गणित मोडतं, ते त्याचं घरच म्हणायचं. विट्याचं घर माझ्यावाचून उभं होतं, माझ्याकडं काही मागत नव्हतं. म्हणून तर मला तिथं यायचं होतं.