रंभावहिनीचा चहागुलाब

वडखळच्या नाक्यावरून खाडीकडे चालत गेलं की आमचं गाव. इथे वारा खारा, माती खारी. दारात तगर नाहीतर सदाफुली. गुलाबाच्या वाटेला कुणी जात नसे. गेली ती माझ्या चुलतभावाची, पुंडलिकाची बायको. रंभावहिनी.

वहिनी मिठागरात कामाला. माहेर रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमी गावात. तिथली माती गोडी, गाळाची. विहिरीशी तिच्या आईनं लावलेला जुना गुलाब होता, पुरुषभर उंच. फूल फिकट पिवळं, कडेला गुलाबी, आणि वास विचाराल तर नुकत्याच फोडलेल्या चहाच्या पुड्याचा. म्हणून घरात त्याला चहागुलाबच म्हणत. आई वारली. त्र्याण्णवच्या दिवाळीत भावानं नवं घर बांधायला जागा साफ केली, झुडूपही गेलं. वहिनीनं पाच काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीनं आणल्या. चार वाळल्या, एक फुटली. आईचं म्हणून उरलं ते एवढंच.

आमच्या जमिनीची खोड अशी, की पावसात मीठ धुऊन खाली जातं नि चैत्रातल्या उन्हानं पुन्हा वर येतं. म्हणून वहिनीनं अंगणात गुडघाभर ढीग घातला. तळाला फुटकी कौलं, वर शेणखत आणि बांधावरची धुतलेली माती. माती गोडी की खारी, ते ती जिभेवर चिमूट ठेवून ठरवी नि थुंकून टाकी. मी हसलो, तर म्हणाली, "भावजी, तुमी सातवी शिकलाव, मी माती शिकली."

पहिल्याच पावसाळ्यात झाडाला कळ्या आल्या. पण पाकळ्या पातळ. संततधारेत एकमेकींना चिकटून कळीचा तपकिरी गोळा होई आणि कुजे. वहिनी म्हणे, "आईकडं पण पावसात उघडायचा नाय. थंडी पडू द्या."

पुंडलिकाला धीर कुठला! आमच्याकडे माडाची बोंडं गळायला लागली की बुंध्यात मीठ घालतात. त्यानं तेच औषध केलं. मायेनं, चांगलं दोन ओंजळी.

आठवडाभरात पानं कडेनं भाजल्यासारखी होऊन गळू लागली. वहिनीनं ढिगावरची माती चाखली आणि नवऱ्याकडे वळली.

"काय घातलाव?"

"मीठ. आपल्याच आगरातलं, एक नंबर!"

"अवो, माड हाय काय तो? खाडीतल्या जावयाला चालतं ते माहेरच्या पोरीला चालंल?"

"मग आता?"

"आता हंडा उचला."

पाऊस संपला होता. दोन दिवस नवराबायको गोड्या विहिरीचं पाणी वाहत होती. पाणी ढिगातून झिरपून निघून जाई, वहिनी चव घेई. "अजून." पुन्हा हंडा. तिसऱ्या दिवशी दुपारी ती थुंकलीच नाही. माती गिळून म्हणाली, "झालं."

झाड पार उघडं पडलेलं. पेणच्या रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, वीतभर ठेवून छाटा, गुलाबाला तेच लागतं. पुंडलिक लगेच कोयता घेऊन निघाला.

"ठेवा तो! ह्याचा जीव जुन्या लाकडात हाय. आईनं मेलेलं तेवढं काढलं, जितं कधी नाय."

वहिनीचंच खरं झालं. मार्गशीर्षात तांबूस पालवी फुटली. पौषात हवा कोरडी, पहाटे गार, दुपारी ऊबदार. त्या झाडाला हवी तश्शी. एका सकाळी पुंडलिक धावत माझ्याकडे आला. "चल रे, फूल आलं, पण मेलं! मान टाकलीन."

जाऊन पाहतो तर वाटीएवढं फूल, खाली वाकलेलं. वहिनी हसत उभी. "मेलं नाय, त्याची मानच तशी. फूल जड, देठ बारीक. वरून काय बघताव? खाली व्हा."

पुंडलिक उकिडवा बसला. दिसेना, तेव्हा चक्क अंगणात उताणा झोपला.

मग म्हणाला, "रंभे, मी येवढ्या वेळा सासुरवाडीला गेलो, हे मला कुणी दाखवलं नाय गो."

"दाखवणार कधी?" वहिनी म्हणाली. "तुमी जेवलाव की घोरायचाव."