न निवळलेली नळी

वहिनी, ऐक. घरात तुझ्याबद्दल दोनच गोष्टी सांगतात: तू फार सावकाश जेवायचीस आणि दिवसभर मेंढीच्या रक्ताकडे बघत बसायचीस. दोन्ही खऱ्या. पण तेवढ्यावरून नातवंडांना काय कळणार, कपाळ? म्हणून तुझी गोष्ट आधी तुलाच ऐकवायची. मध्ये बोलू नकोस.

वहिनी इस्पितळाच्या तळमजल्यावर, प्रयोगशाळेच्या शेवटच्या खोलीत काम करायची. खिडकीतून दुधासारखा उजेड यायचा आणि तिची तंद्री लागायची. आपल्या रक्तात काही प्रथिनं असतात. जंतू दिसला की ती त्याच्या अंगावर फेर धरून बसतात, त्यांचं कडं होतं आणि कड्याच्या मधोमध आरपार भोक पडतं. भोकातून पाणी आत शिरतं, जंतू फुगतो, फुटतो. ही प्रथिनं कुणाच्या रक्तात शाबूत आहेत आणि कुणाच्या नाहीत, ते बघणं हे वहिनीचं काम. त्यासाठी जंतूच्या जागी मेंढीच्या लाल पेशी. त्यांत माणसाच्या रक्तावरचं पिवळसर पाणी घालायचं आणि नळी अंगाइतक्या कोमट पाण्यात उभी करायची. आधी सगळं गढूळ लाल. मग पेशींना भोकं पडत जायची, गढूळपणा कुठेतरी निघून जायचा आणि नळीतून पलीकडची खिडकी दिसू लागायची, लालभडक, जणू दुसऱ्याच कुठल्या घराची.

‘‘जागी आहेस का गं?’’ नणंद विचारायची. नणंद घरातली थोरली, तोंडानं फटकळ, पायाला भिंगरी.

‘‘आहे हो वन्सं. जरा पलीकडे गेले होते.’’

याच नणंदेच्या मुलीला मेंदूज्वर झाला. बरी झाली, आणि पुन्हा झाला. तापात ती आईलाही ओळखेना. त्यातूनही उठली, पण डॉक्टर म्हणाले, हा आजार असा परत आला म्हणजे रक्तात काहीतरी कमी असावं, तपासून घ्या. तिसऱ्या वेळी वाचेल, असं कुणी बोलेना.

तपासणीचा नमुना दवाखान्याच्या माणसाबरोबर पाठवायचा, तर नणंदेला धीर कुठला? नळी मुठीत आवळून ती भर दुपारी निघाली ती थेट वहिनीच्या टेबलापाशी.

‘‘घे. वाटेत एकदाही खाली ठेवली नाही.’’

वहिनीनं नळीला हात लावला. गरम.

‘‘वन्सं, बर्फात नाही आणलीत?’’

‘‘लेकराचं रक्त बर्फात घालू?’’

‘‘उबेत या प्रथिनांचा दम जातो हो. आता नळी निवळली नाही, तर मुलीतच कमी आहे की तुमच्या मुठीत गेलं, कसं ओळखायचं?’’

‘‘म्हणजे मीच वैरीण!’’

‘‘तसं नाही. तुमची माया जरा तापट आहे, एवढंच.’’

दुसऱ्या वेळी वहिनी स्वतः गेली, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन आली. जोडीला निरोगी माणसाचं रक्त लागतं, तिनं आपलंच घेतलं. दोन नळ्या शेजारी शेजारी. खोलीत पाण्याची वाफ आणि दोघींचे श्वास. वहिनीची नळी झोपेतून डोळे उघडावेत तशी निवळत गेली, खिडकी दिसली, खिडकीतलं झाड दिसलं. मुलीची गढूळच.

‘‘थांब जरा,’’ नणंद म्हणाली. ‘‘ती लहानपणापासून उशिराच उठते.’’

वहिनी थांबली. नियमात बसत नव्हतं, तरी थांबली. झाडावरचं ऊन उतरलं.

‘‘नाहीये, वन्सं,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘पण आता कळलं. कळलं म्हणजे पहारा ठेवता येतो.’’

आणि पहारा ठेवला. लसी दिल्या, आणि जरा अंग तापलं की वाट न बघता दवाखाना गाठायचा असं ठरलं. पुढे एकदा ताप आला, तेव्हा तासाभरात औषध सुरू झालं. मुलगी आज स्वतःच्या घरात सगळ्यांना दमात घेते.

त्या दिवशी निघताना वहिनी म्हणाली होती, ‘‘वन्सं, ही उणीव आई-बापांकडून येते. भावोजींचं घेईनच, तुमचंही बघू. बर्फ मी आणते, तुम्ही फक्त हात पुढे करा.’’

‘‘येते की गुरुवारी.’’

गुरुवार किती आले. कधी पाहुणे, कधी गुडघे. इतरांना तोंडावर सुनावणाऱ्या बाईला स्वतःची नळी बघायची भीती वाटत होती. वहिनीनं ते ओळखलं असावं, कारण तिनं आठवण केली, पण कधी घाई केली नाही. मग ती निवृत्त झाली आणि त्यानंतर दोन वर्षांत गेली. नणंदेचं, म्हणजे माझंच गं वहिनी, रक्त द्यायचं राहिलं ते राहिलंच.