अर्ध्या पाळीचे सरपण

लग्नानंतर मी नाकाडोंगरीजवळच्या एका मँगनीज खाणीच्या वसाहतीत राहायला आले. यजमान खाणीत कारकून होते. दगड फोडणारे यंत्र चालू असेपर्यंत काळी धूळ उडत राही, म्हणून घराच्या खिडक्या दिवसभर बंद असत. मुलगा झाला, आणि रांगण्याआधीच खोकू लागला.

ऐंशीच्या सुमारास मालाचा उठाव घटला आणि खाण अर्धाच दिवस चालू लागली. दुपारी यंत्र थांबे. मी खिडक्या उघडत असे. बाळाची दुपटी पांढरीच वाळू लागली आणि तो सलग झोपू लागला. हे सुख कुणापाशी बोलण्यासारखे नव्हते. आज लिहितानाही संकोच वाटतो. त्याच अर्ध्या दिवसाने शेजारणीच्या घरची मजुरी अर्धी केली होती.

तिचा नवरा खाणीत मजूर होता. पूर्वी तो फक्त रविवारी जंगलातून पडलेल्या फांद्यांची मोळी आणी. आता वसाहतीतले सारेच गडी रोज दुपारी विकण्यासाठी लाकूड आणू लागले. हिवाळा सरण्याआधी वाळलेले संपले, आणि मोळ्यांत उभ्या धावड्याच्या झाडांची तोडलेली ओली लाकडे दिसू लागली. आमच्या बाजूची टेकडी विरळ होत चालली होती. मोळी घेणाऱ्यांत मीही होते. शेजारणीला नाही म्हणणे मला जमत नसे.

"ओलं आहे हो हे," मी एकदा चाचरत म्हटले.

"वाळलेलं कुठून आणू, वयनी? झाडाले सांगू का, लवकर मर म्हणून?" ती हसली. "काहून, तुमची चूल नखरे करते का?"

चूल धुमसत राही. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामध्ये नुसता पडदा होता. मुलाचा खोकला परतला.

उन्हाळ्यात पूर्ण पाळी सुरू झाली. शेजारीण धावत आली. नवऱ्याला ती 'बुढा' म्हणे.

"वयनी, आता मोळी मागू नका मले! आमचा बुढा दिवसभर कामावर जाऊन राहिला."

"बरं झालं," मी म्हटले. ते खरेही होते. बोलता बोलता मी खिडकी लावून घेतली.

त्याच आठवड्यात मुलाला सिहोऱ्याला माझ्या आईपाशी ठेवले, आणि यजमानांच्या जेवणाची आबाळ नको म्हणून मी परतले. "थोडेच दिवस," ते म्हणाले. तिथे त्याचा खोकला थांबल्याचे लवकरच कळले. त्यानंतर त्याला परत आणा म्हणायला माझ्यापाशी कारणच उरले नाही.