क्लचबाईंच्या नावावरचं वॉरंट

शहरात तिला सगळे क्लचबाई म्हणत. गेली सव्वीस वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवत होती. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली जादा ब्रेक आणि जादा क्लच, आणि तोंडाने अखंड गजर: "क्लच! अहो, क्लच दाबा! दाराशी पायपुसणं ठेवलंय का ते?" तिच्या हाताखालून डॉक्टर गेले, दुकानदार गेले, एक न्यायाधीशही गेले. शिव्या सगळ्यांनी सारख्याच खाल्ल्या. पण तिने पाठवलेला माणूस परीक्षेत सहसा नापास होत नसे, कारण तयारी झाल्याशिवाय ती कुणाला परीक्षेला पाठवतच नसे. कोणी कितीही गयावया केली तरी नाही.

शिकवण्याचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागे. तेवढ्यासाठी एका सोमवारी ती परवाना कार्यालयात गेली. खिडकीमागच्या कारकुनाने नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"बाई, तुमचा परवाना निलंबित आहे."

"कुणाचा?"

"तुमचाच. आठ महिने झाले. आणि कोर्टाचं वॉरंट आहे तुमच्या नावावर. भाड्याच्या गाडीने सायकलवाल्याला उडवलं, जामीन घेतला आणि एकाही तारखेला हजर राहिला नाहीत."

क्लचबाईंना आधी हसू आलं. मग रांगेतले लोक आपल्याकडे कसे बघताहेत ते दिसलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी सव्वीस वर्षांत कुणाच्या गाडीला ओरखडा काढलेला नाही. आणि गेले आठ महिने रोज याच रस्त्यांवर शिकवतेय. तुमच्या दारासमोरून दिवसातून चारदा जाते मी. निलंबित केलंत तर मला कळवलं का नाही?"

"नोटिसा गेल्यात. तीन." कारकुनाने पत्ता वाचून दाखवला. त्या गल्लीत ती जन्मात गेली नव्हती.

"हा माझा पत्ता नाही."

"कोर्टाचा आदेश आणा, आम्ही दुरुस्त करू. पुढचे."

ती तिथून थेट पोलीस ठाण्यात गेली. नवऱ्याने फोनवर सांगितलं होतं, आधी घरी ये, नीट विचार करू. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. प्रत्येक गोष्ट दोनदा वाचायची सवय. पण रागात असलेल्या क्लचबाईंना थांबवणं हे त्याला लग्नानंतरच्या तीस वर्षांत कधी जमलं नव्हतं.

ठाण्यातल्या जमादाराने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून एक फाइल काढली.

"म्हणजे ही तुम्ही नाही?"

"नाही."

"नाव तुमचं, परवाना तुमचा, फोटो तुमचा."

"माझ्या परवान्याची प्रत कुणीतरी वापरलीय. मला त्याची तक्रार द्यायचीय."

"बाई, या प्रकरणात तुम्ही आरोपी आहात. आरोपीने तक्रार कशी द्यायची? बसा तिकडे बाकावर. साहेब आले की बघू. आता जायचं नाही."

सव्वातीन तास ती त्या बाकावर बसली. शेजारी पाकीटमारीत पकडलेला एक म्हातारा होता. त्याने आपुलकीने विचारलं, "पहिलीच वेळ?" तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाकाच्या टोकाला सरकला.

साडेतीनला नवरा आला आणि त्याच्याबरोबर वकीलबाई आल्या. त्याही क्लचबाईंच्याच विद्यार्थिनी. पंधरा वर्षांपूर्वी वळणावर तीनदा गाडी बंद पाडून त्यांनी मनसोक्त बोलणी खाल्ली होती. वकीलबाई जमादाराशी शांत आवाजात काय बोलल्या ते कळलं नाही, पण 'उद्या सकाळी कोर्टात स्वतः हजर करते, तसं लिहून देते' एवढं ऐकू आलं. दहा मिनिटांत क्लचबाई रस्त्यावर होती.

"एकट्या का गेलात?" वकीलबाई गाडीत बसल्यावर म्हणाल्या. "वॉरंट असताना ठाण्यात जायचं म्हणजे स्वतःच्या पायांनी कोठडीत जाणं. आता नीट ऐका, ओरडू नका."

त्या रात्री जेवायच्या टेबलावर वकीलबाईंनी एका कागदावर सगळं मांडून दाखवलं. ज्या कोर्टाने वॉरंट काढलं त्याच कोर्टात अर्ज करायचा, की तो माणूस मी नव्हेच. तोपर्यंत अटक होऊ नये म्हणून आधी वॉरंटला स्थगिती. अपघाताच्या दिवशी जबाबाच्या कागदावर सही आणि अंगठा घेतलेला असतो, तो मागवून घ्यायचा आणि तुमच्या अंगठ्याशी ताडून बघायची मागणी करायची. त्याबरोबरच नावाच्या चोरीची आणि खोट्या सहीची वेगळी तक्रार, ज्यात तुम्ही फिर्यादी. ठाण्याने घेतली नाही तर वरिष्ठांना लेखी, त्यांनीही हात वर केले तर न्यायाधीशांपुढे थेट. निकाल मिळाला की त्याची शिक्क्याची प्रत परवाना कार्यालयात, म्हणजे जुना नंबर रद्द आणि नवा नंबर.

"आणि ज्या कंपनीने कुणालाही गाडी देऊन टाकली तिच्यावर नुकसानभरपाईचा दावा. तो शेवटी."

"तो शेवटी का? तो आधी करा." क्लचबाई म्हणाली. "परवान्याची नुसती प्रत बघून गाडी दिली! मी शिकाऊ माणसाला गाडीची किल्ली हातात देत नाही पहिले चार दिवस."

"शेवटी, कारण आधी तुम्ही निर्दोष ठरायला हव्यात."

हा शब्द तिला फार लागला. निर्दोष ठरायला हवं. ज्याने काही केलं नाही त्याने ठरायचं. नवऱ्याने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. तिने तो एका दमात रिकामा केला आणि इतक्या जोरात ठेवला की त्याला तडा गेला.

स्थगिती मिळाली. अपघात झाला ती तारीख आणि वेळ समजल्यावर तिने आपली शिकवणीची वही काढली. त्या दुपारी तीन ते चार ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दाताच्या डॉक्टरांना उलटी गाडी लावायला शिकवत होती. वहीत डॉक्टरांची सही होती. वकीलबाईंनी त्यांना गाठलं. डॉक्टर म्हणाले, "तारीख पक्की आठवते. त्या दिवशी माझा वाढदिवस होता आणि बाईंनी मला गाढव म्हटलं होतं. लिहून देतो."

तीन आठवड्यांनी भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीकडून कागदांच्या प्रती आल्या. वकीलबाईंच्या ऑफिसात टेबलावर त्या पसरल्या. गाडी घेताना भरलेला अर्ज. परवान्याची पुसट प्रत. आणि खाली सही: क्लचबाईंचं पूर्ण नाव, गोलगोल अक्षरांत, शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबं.

नवऱ्याने चष्मा वर केला. पुन्हा खाली केला. मग बायकोकडे पाहिलं.

तिलाही दिसलं होतं. अशी दोन टिंबं एकच बाई काढायची. तिची मावसबहीण, धाकटी.

आई गेली तेव्हा क्लचबाई बारा वर्षांची होती. मावशीने तिला आपल्या घरी नेलं, आपल्या पोटच्या पोरीबरोबर वाढवलं. धाकटी तेव्हा एक वर्षाची. हिनेच तिला कडेवर घेऊन फिरवलं, तिच्या वेण्या घातल्या, तिला अक्षरं गिरवायला शिकवली. दोघींचं नाकही एक, आजोळचं. पुढे गाडी शिकवायलाही हिनेच घेतलं, पण परीक्षेला पाठवलं नाही. "तुझा पाय घाबरतो. ऐन वेळी ब्रेक सोडून भलतंच दाबतेस. अजून तीन महिने." धाकटी रागावून निघून गेली होती. नंतर दीडेक वर्षाने गोड बोलत फोन आला: ताई, भाड्याची खोली घेतेय, ओळखीचं म्हणून कुणाचा तरी कागद मागतायत, तुझ्या परवान्याचा फोटो पाठव ना. तिने पाठवला होता. एक क्षणही विचार केला नव्हता.

"तुम्ही ओळखता हिला," वकीलबाई म्हणाल्या. ते विचारणं नव्हतं.

क्लचबाईंनी ती सही तळहाताखाली झाकली.

"सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा," वकीलबाई हळू म्हणाल्या. "वॉरंट तर अंगठ्यावरूनही रद्द होईल. पण तक्रारीत 'अनोळखी व्यक्ती' असं लिहून ओळखीचं माणूस लपवलंत, तर उद्या तेच तुमच्या अंगावर येईल. आणि त्या सायकलवाल्याचा गुडघा मोडलाय, त्याचं काय?"

घरी येऊन तिने धाकटीला फोन लावला.

"गाडी तू घेतली होतीस?"

पलीकडून रडणं ऐकू आलं. "ताई, मी घाबरले गं. तो एकदम आडवा आला. पोलीस आले, त्यांनी परवाना मागितला, माझ्या हातात तोच होता..."

"गाडी घेताना घाबरली होतीस का?"

"नाही, पण..."

"मग गाडी घेताना माझं नाव का दिलंस? आणि नंतर? आठ महिने मला एक शब्द नाही! त्या ठाण्यात बाकावर बसवलं मला, पाकीटमाराशेजारी! तो माणूस मेला असता तर मला फाशी होऊ दिली असतीस का गं तू? तेव्हा तरी तोंड उघडलं असतंस?"

"ताई, मी तुझ्या पाया पडते..."

"पाया पडू नकोस. ठाण्यात जा. परवा सकाळपर्यंत गेलीस तर ठीक. नाही गेलीस तर मी नाव लिहून देणार."

धाकटी गेली नाही. तिच्याऐवजी तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी आली. चौऱ्याहत्तरीची, जिना चढून धापा टाकत. पाणी प्यायली, बसली आणि म्हणाली, "घरातली गोष्ट घरात ठेव. तुझं कोर्टात सुटतंयच ना? मग तिला कशाला ओढतेस?"

"तिने मला ओढलं, मावशी."

"मी तुला लेकीसारखं वाढवलं. कधी तुझ्या ताटात कमी वाढलं का?"

"कमी नाही वाढलंस." क्लचबाईंचा आवाज चढला, मग फुटला. "म्हणून तर वाटलं होतं, तू जिना चढून येशील ती मला विचारायला, की पोरी, तुला काय काय सोसावं लागलं. तू आलीस तिच्यासाठी. तुझी लेक ती आहे. मी लेकीसारखी. त्या 'सारखी'चा अर्थ आज मला कळला."

मावशी उठली. चपला घालताना तिने हात भिंतीला टेकवला. क्लचबाईंना वाटलं, धरावा. तिने धरला, जिना उतरवून दिला, रिक्षात बसवलं. आणि वर येऊन वकीलबाईंना फोन करून नाव सांगितलं.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात कुबडी घेतलेला एक माणूस तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तो फरशी बसवायचं काम करायचा. गुडघ्यात दोन खिळे होते. ज्या माणसाचं सगळं काम उकिडवं बसून, त्याचा गुडघा वाकत नव्हता.

"तुम्हीच का त्या?" त्याने तिचं पूर्ण नाव घेतलं. "वर्षभर रोज सकाळी उठलो की तुमच्या नावाने शिव्या दिल्या मी. माझ्या मुलीलासुद्धा पाठ झालंय तुमचं नाव."

क्लचबाईंच्या मनात राग होता, पण या माणसावर काढता येत नव्हता. त्याचा राग तिच्यापेक्षा मोठा होता आणि तोही बिचारा चुकीच्या दारात उभा होता.

"मला नीट बघा," ती शेवटी म्हणाली.

त्याने बघितलं. बराच वेळ. मग नकारार्थी मान हलवली. आत गेल्यावर त्याने न्यायाधीशांपुढेही तेच सांगितलं: "या बाई नव्हत्या. नाक सारखं आहे, पण ती वयाने बरीच लहान होती. आणि ती नुसती रडत होती, मला उचलायलासुद्धा वाकली नाही."

अंगठा जुळला नाही. दाताच्या डॉक्टरांनी गाढवासकट सगळं सांगितलं आणि कोर्टात हशा पिकला. वॉरंट रद्द झालं, नोंद दुरुस्त करायचा आदेश निघाला. आदेश घेऊन ती परवाना कार्यालयात गेली तेव्हा त्याच कारकुनाने सांगितलं, प्रत चालणार नाही, मूळ आणा. मूळ कोर्टाच्या फाइलमधून बाहेर येत नसतं हे त्याच्या साहेबाला पटवायला आणखी सहा हेलपाटे आणि वकीलबाईंची एक कडक नोटीस लागली. एकंदर सात महिने तिची गाडी कापडाखाली उभी होती. विद्यार्थी दुसरीकडे गेले. भाजीवालीने एकदा हळूच विचारलं, "सुटलात का हो?" तिने हातातली पिशवी तिथेच आपटली आणि निघून आली.

धाकटीने शेवटी गुन्हा कबूल केला. तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली, पहिलाच गुन्हा म्हणून ती चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर स्थगित राहिली. पाच वर्षं परवाना मिळणार नाही, आणि फरशीवाल्याच्या उपचाराचा खर्च तिने द्यायचा. निकालाच्या वेळी दोघी बहिणी एकाच खोलीत होत्या. धाकटीने वळून पाहिलं. क्लचबाईंनी नजर वळवली नाही. मावशीचा फोन त्यानंतर आलेला नाही. क्लचबाईही करत नाही. एकदा नंबर लावला होता, वाजायच्या आत बंद केला.

कंपनीवरचा दावा अजून चालू आहे. त्यांचं पत्र आलं: झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. 'गैरसोय' या शब्दाखाली नवऱ्याने सवयीने लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, चूक. फरशीवाल्यानेही तिच्याबरोबरच दावा लावला आहे. तारखेच्या दिवशी ती त्याला घरून घेते. पाय लांब करता यावा म्हणून तो मागच्या सीटवर आडवा बसतो, आणि पुढे नवा विद्यार्थी गाडी चालवत असेल तर क्लचबाई अर्धं लक्ष रस्त्यावर ठेवून मागे वळून त्याला सांगत असते, आज कंपनीच्या वकिलाने पुन्हा पुढची तारीख मागितली तर आपण काय म्हणायचं ते.