आमच्या गावचा डग्लस

"आयरिन, लांब कोट शिवला तर माणूस उंच दिसतो का गं?"

ऑर्विल टेस्केनं माझ्या शिलाईच्या दुकानात येऊन हे विचारलं, तेव्हा तो चाळिशीचा होता. उंची जेमतेम सव्वापाच फूट, छाती पिंपासारखी, आणि आवाज असा की खिडकीच्या काचा थरथराव्यात. गावाबाहेरच्या जनावरांच्या बाजारात तो लिलाव पुकारायचा. वारा आमच्या बाजूचा असला की त्याची बोली मला मशीनवर बसल्याबसल्या ऐकू यायची.

"नाही," मी म्हटलं. "नुसता कोटच दिसतो. माणूस दिसत नाही."

तो हसला, पण त्याचं तोंड उतरलेलं मला कळलं. त्याला लिंकन व्हायचं होतं.

ते एकोणीसशे अठ्ठावन्न साल. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी आमच्या इलिनॉयमध्ये लिंकन आणि स्टीफन डग्लस सिनेटच्या एकाच जागेसाठी निवडणुकीला उभे होते. गुलामगिरी पसरू द्यायची की नाही, यावर त्यांनी सात गावांत भर गर्दीत जाहीर वाद घातले. आमचं मिलर्स फोर्ड त्या सातांत नाही. पण शेजारच्या तालुक्यात शताब्दीचा थाट होणार म्हटल्यावर आमच्या लोकांना गप्प बसवेना. लिंकनची गाडी आमच्या स्टेशनात पाणी भरायला थांबली होती असं कुणाचा तरी आजा सांगायचा. तेवढ्या आधारावर समिती स्थापन झाली. दर सप्टेंबरात चौकात मंच बांधायचा, बँड, सफरचंदाचं गोड सारण भरलेल्या ॲपल-पायची विक्री, आणि मध्ये लिंकन-डग्लसचा वाद.

लिंकनच्या गोष्टींवर ऑर्विल वाढलेला. गावात त्याच्याइतकं त्या माणसावर प्रेम कुणी केलं नसेल. आणि लिंकन झाला कोण, तर लायल ब्रॅनिगन. हा पीठ आणि पशुखाद्याच्या गिरणीवर असायचा. सहा फूट चार इंच, गालफडं बसलेली, हात गुडघ्यापर्यंत. त्यानं शाळा सोडल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरखेरीज काही वाचलं नव्हतं. समितीचे अध्यक्ष हॅगनसाहेब त्याला बघूनच म्हणाले, "हा काही बोलला नाही तरी चालेल."

डग्लस बुटका होता, धिप्पाड होता, आवाजाचा मोठा होता. त्याच्या काळी लोक त्याला 'छोटा महाबली' म्हणत. म्हणजे ऑर्विलला पर्यायच नव्हता. मी त्याला निळा कोट शिवून दिला, पितळी बटणांचा.

पहिल्याच वर्षी चौकानं त्याची हुर्यो उडवली. ती उडवायचीच असते, जत्राच ती. पण पुढं वाणसामानाच्या दुकानातही पोरं त्याच्या पाठीमागं फिस्स करायला लागली. हरणाऱ्या बाजूचा माणूस म्हणून त्याच्यावर शिक्का बसला. खरं तर ती निवडणूक डग्लसच जिंकला होता. लिंकन राष्ट्राध्यक्ष झाला तो दोन वर्षांनी. ऑर्विल हे ज्याला त्याला सांगायचा. ऐकून घेणारे कमी.

मग हळूहळू त्याला हरणाऱ्यांचा आणि हसू झालेल्या राष्ट्राध्यक्षांचाच लळा लागला. नेडीनच्या कॅफेत सकाळी सात वाजता कोपऱ्यातल्या टेबलावर तो आणि लायल बसायचे. दुकान उघडण्याआधी मीही कॉफी घ्यायला जायची. तिथं रोज गप्पांत एक राष्ट्राध्यक्ष टेबलावर यायचा.

"कूलिज," लायल सुरू करायचा. "त्याला म्हणे एक बाई जेवताना म्हणाली, मी पैज लावलीय, तुमच्या तोंडून दोनपेक्षा जास्त शब्द काढणार. तर हा म्हणतो, 'तुम्ही हरलात.' झालं. पुढं जेवण. असा माणूस पाहिजे. नाहीतर तू."

"कूलिजला लिलाव पुकारायला लाव बघू," ऑर्विल म्हणायचा. "संध्याकाळपर्यंत एक वासरू विकलं जायचं नाही."

"आणि तुझा तो हॅरिसन? थंडीत कोट न घालता दोन तास भाषण ठोकलं, महिन्यात गेला. जास्त बोलल्यानं मेलेला एकमेव राष्ट्राध्यक्ष."

"थंडीनं नाही मेला. आजारी पडला तो तीन आठवड्यांनी, असं म्हणतात."

"म्हणणारे तुझ्यासारखेच बडबडे असणार."

नेडीन कॉफी ओतता ओतता म्हणायची, "टाफ्ट आज न्हाणीच्या टबात अडकणार आहे का? अडकणार असेल तर मी पाव आत्ताच भाजायला घालते. ती गोष्ट लांबते तुमची." टाफ्ट हा अवाढव्य राष्ट्राध्यक्ष टबात खरंच अडकला होता का, यावर त्या दोघांनी एक अख्खा हिवाळा काढला. ऑर्विल म्हणे, कुठल्या तरी शत्रूनं उठवलेली आवई. लायल म्हणे, "टब तरी कशाला खोटं बोलेल?"

एका गोष्टीवर मात्र ते कधी भांडले नाहीत. लिंकननं शपथ घेतली त्या दिवशी त्याला हॅट कुठं ठेवावी कळेना, तेव्हा मागं बसलेल्या डग्लसनं ती घेऊन मांडीवर धरली, अशी गोष्ट सांगतात. खरी की खोटी, विद्वानांनाही ठाऊक नाही. ऑर्विल ती सांगायला लागला की लायल मध्ये बोलायचा नाही.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मग आमच्या तालुक्याला नवीन नर्सबाई आल्या. ओडेसा प्रुइट. पन्नाशीच्या, सडपातळ, नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला. दक्षिणेकडच्या केरो गावातून आल्या होत्या. मिलर्स फोर्डमध्ये घर घेतलेलं ते पहिलं काळं कुटुंब. लोक वाईट वागले असं मी म्हणणार नाही. लोक जरा जास्तच नीट वागले. त्यांच्याशी बोलताना हॅगनसाहेब तर मंचावर असल्यासारखे बोलायचे.

त्या सप्टेंबरात प्रुइटबाई चौकात आल्या आणि पुढच्या रांगेच्या टोकाला उभ्या राहिल्या. ऑर्विल रंगात होता. भाषण त्या जागी आलं जिथं डग्लस म्हणतो की हा देश गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी उभा केला. वर्षानुवर्षं ऑर्विल ते गरजून म्हणायचा आणि चौक हुर्यो करायचा. त्या दिवशी त्यानं तोंड उघडलं, त्याची नजर खाली गेली, आणि तो थांबला. मग त्यानं ती ओळ गाळली, पुढची चाचरत म्हटली आणि खाली बसला. लोकांना वाटलं, विसरला. कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॅफेत हॅगनसाहेबांना म्हणाला, "ती वाक्यं काढून टाका. माझ्यानं होत नाही."

साहेबांना आनंदच झाला. "उत्तम. लोक ॲपल-पाय खायला येतात, ऑर्विल. कुणाचं मन कशाला दुखवा?"

प्रुइटबाई काउंटरवर बसल्या होत्या. त्यांनी स्टूल फिरवलं.

"टेस्केसाहेब, एक विचारू?"

"विचारा."

"ती वाक्यं काढलीत, तर हे ब्रॅनिगनसाहेब उत्तर कशाचं देणार?"

हॅगनसाहेब लायलकडं बघायला लागले.

"माझ्या आजोबांनी असली भाषणं ऐकली होती," त्या म्हणाल्या. "चौकात उभं राहून, टोपी हातात धरून. ती झालीच नाहीत असं तुम्ही ठरवलंत, तर माझे आजोबा तिथं कशाला उभे होते?"

ऑर्विलनं पटल्यासारखी मान हलवली. बाई उठल्या, आणि दारापाशी पोचल्यावर लायलकडं वळल्या. "आणि तुमच्या लिंकनचं चार्ल्सटनचं भाषण? तेही घ्या की. सगळंच घ्यायचं तर."

चार्ल्सटन हे त्या सात गावांतलंच एक, पण लायलला काही कळलं नाही. त्या गेल्यावर त्यानं विचारलं, "चार्ल्सटनला काय म्हणाला?"

ऑर्विल कॉफीत बघत म्हणाला, "म्हणाला की काळ्यांना गोऱ्यांच्या बरोबरीला आणावं असं माझं मत नाही. मतदान नाही, खटल्यात पंच म्हणून बसणं नाही, लग्नं नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"लिंकन असं म्हणाला?"

"म्हणाला. मतं हवी होती. नंतर बदलला, पुष्कळ बदलला. पण त्या दिवशी म्हणाला."

"आणि तुला हे माहीत होतं?"

"लहानपणापासून."

लायलनं कप आपटला. "मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"तू इतका छान दिसायचास," ऑर्विल म्हणाला. "मला तो तसाच हवा होता."

लायल उठला. बारा वर्षं गावानं त्याला रस्त्यात हॅट काढून नमस्कार केला होता. लेकरं त्याच्या मांडीवर बसून फोटो काढून घ्यायची. तो म्हणाला, "शिव्या खायची तुला सवय आहे. मला नाही. मी ते म्हणणार नाही," आणि निघून गेला.

त्यानंतर ते दोघं एका टेबलावर बसेनासे झाले. लायल खिडकीपाशी, ऑर्विल कोपऱ्यात. नेडीननं सुरुवातीला मध्यस्थी करून बघितली, मग नाद सोडला. मी एकदा ऑर्विलला म्हटलं, तू जा ना बोलायला. तो म्हणाला, "काय बोलू? तो रागावलाय ते बरोबरच आहे."

मका हातभर वर आला होता त्या सुमाराला लायल माझ्या दुकानात आला. त्याचा काळा कोट बगलेत उसवला होता. मी शिवत असताना तो उभाच राहिला, मग म्हणाला, "आयरिन, मी ते भाषण आणवलं. वाचलं. तीनदा वाचलं."

"मग?"

"मग काय. मी तर बघ, मी कधी तसं म्हटलेलं नाही, पण म्हणणाऱ्यांच्या शेजारी बसून जेवलोय. उठलो नाही कधी." त्यानं कोट घेतला आणि तडक जनावरांच्या बाजाराकडं गेला.

तिथं काय झालं ते मला ऑर्विलनंच पुढं सांगितलं. लिलाव संपला होता, तो लाकडी कठड्यावर बसून घसा ओला करत होता. लायल येऊन समोर उभा राहिला.

"कसं म्हणतोस रे तू ते? लोक तुझ्याकडं बघत असताना?"

"खाली बघायचं नाही," ऑर्विल म्हणाला. "गेल्या वर्षी मी बघितलं, तीच चूक झाली. आपले शब्द नाहीत म्हणून पुटपुटायचंही नाही. त्यानं जसे म्हटले असतील तसे म्हणायचे, स्वच्छ. मग लोकांना काय ते कळतं."

"आणि नंतर?"

"नंतर घरी जाऊन झोप लागत नाही. ते धरून चालायचं."

त्या सप्टेंबरात दोघांनीही सगळं म्हटलं. ऑर्विल आधी. त्याच्या वाक्यावर नेहमीची हुर्यो सुरू झाली, पण त्यानंतर लायल उभा राहिला आणि लिंकनच्या तोंडची ती वाक्यं शांतपणे, एकेक शब्द वेगळा करत बोलला, तेव्हा चौक गार पडला. काही लोक उठून गेले. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "हे खोटं आहे." लायल थांबला नाही. मग तो पुढच्या भागाकडं वळला, जिथं लिंकन म्हणतो की स्वतःच्या हातानं मिळवलेली भाकर खाण्याचा हक्क प्रत्येक माणसाला सारखाच आहे. ते मी दरवर्षी ऐकत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते कुणाला तरी उत्तर दिल्यासारखं वाटलं. डग्लसला, आणि थोडंफार स्वतःलाही.

प्रुइटबाई शेवटपर्यंत उभ्या होत्या. संपल्यावर त्यांनी ॲपल-पायचा तुकडा घेतला आणि ऑर्विलपाशी गेल्या. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलतील.

"टेस्केसाहेब, तुमचा आवाज बसलाय," त्या म्हणाल्या. "किती दिवसांपासून?"

"धूळ असते हो बाजारात."

"धूळ नाही ही. सोमवारी दवाखान्यात या."

तो गेला नाही. बाईंनी पुढच्या आठवड्यात बाजारात येऊन त्याला हाताला धरून नेलं. तेव्हा घशातली गाठ लहान होती. ती काढली, आणि त्याला आणखी दहा-बारा वर्षं बोलता आलं. समिती कुरकुरली, गर्दी थोडी घटली, ॲपल-पाय कमी खपले, पण वाद तसाच होत राहिला, पूर्ण. दुसऱ्या वर्षापासून प्रुइटबाईंचा नवरा बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायला लागला. कॅफेत कोपऱ्यातलं टेबल पुन्हा भरलं, आणि तिथं बाईही बसायच्या. टाफ्टच्या टबाबद्दल त्यांचं मत असं, की एवढ्या वजनाच्या माणसाला आधी वैद्यानं चार गोष्टी सुनावायला हव्या होत्या.

गाठ परत आली तेव्हा ऑर्विलचा आवाज कायमचा गेला. समितीनं नवा डग्लस शोधला, बँकेतला एक हुशार तरुण. शब्द चोख, उच्चार चोख. लायल एक वर्ष त्याच्यासमोर उभा राहिला आणि मग माझ्या दुकानात काळा कोट आणून ठेवला.

"दुसऱ्या कुणाला बेतून दे," तो म्हणाला. "पोरगा चांगला आहे गं. पण तो बोलतो तेव्हा मला त्याला उत्तर द्यावंसंच वाटत नाही."

त्यानंतर लायल रोज सकाळी नेडीनकडून दोन कॉफ्या घेऊन ऑर्विलच्या ओसरीवर जायचा. मी दुकानाकडं जाताना त्यांना बघायची. लायलच बोलायचा. आयुष्यभर कमी बोललेला माणूस तो, कूलिजचा भक्त, आणि आता थांबायचा नाही. मध्येच ऑर्विल हात वर करायचा, लिलावात बोली अडवताना करायचा तसा. लायल म्हणायचा, "काय? चूक सांगितली?" ऑर्विल होकारार्थी मान हलवायचा, आणि लायल तीच गोष्ट पहिल्यापासून, नीट सांगायला घ्यायचा.