ऊस वाढला आणि क्लास बंद पडला

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल, वाचणाऱ्याने माफ करावं. चौथी शिकलेली मी मोबाईलवर बघून पार्कोर शिकले, म्हणजे धावत भिंती-कठडे ओलांडायला. पिंपळवंडीत मुलींचा क्लास काढला. वर्षाची आगाऊ घेतलेली फी सरावाचे कठडे उभारायला आणलेल्या लोखंडी पाइपांत गेली.

मुली शाळेतून येईपर्यंत अंधारायचं. शेजारचा ऊस डोक्यावर गेला आणि त्यात बिबट्या दिसला.

एक आई म्हणाली, "ताई, तुमच्या पोरी लई लांब उडी मारत्यात, पण त्यो त्यांच्यापरीस लांब मारतो."

सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. ऊस तुटल्यावर तरी पाठवा, एवढंही मला बोलता आलं नाही. ऊस तुटला, मुली घरातच राहिल्या. मी लोकांचे कांदे काढून फी फेडत गेले. आज शेवटच्या घरचेही पैसे पूर्ण दिले.